हवेचे बूट पहिल्यांदा पायात घालताना

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉननंतरचे दोन दिवस आमच्या क्लिनिकच्या जिन्यावर एकच दृश्य असतं. चढून येताना माणूस ठीक असतो, उतरताना मात्र कठडा धरून एकेक पायरी. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने वर जायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं, असा तो २१ किलोमीटरचा मार्ग. दम लागतो चढाला, पण मांड्या धरतात त्या उतारामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावत असतो आणि अशा कामाने त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं दुसऱ्या दिवशी वाढतं आणि बहुतेकांचं तिसऱ्या दिवसापर्यंत शिगेला पोचतं. मग प्रश्न येतो, "मॅडम, ते हवेचे बूट लावून बघू का?"

हाच प्रश्न दिवसभर वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षिका विचारतात, संध्याकाळी घोटे सुजणाऱ्या काकू विचारतात, आणि अमेरिकेतून लेकीने मशीन पाठवलेले आजोबाही विचारतात. बूट तोच, पण उत्तर प्रत्येकाला वेगळं द्यावं लागतं. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच गोष्टीची. मशीन इतकं साधं दिसतं की पाय घातला आणि बटण दाबलं, बस्स. म्हणून आधी पाय तपासायचा, मग बूट.

हे नेमकं करतं काय

पायापासून मांडीपर्यंत चढणारी जाड कापडी पिशवी, तिच्यात हवेचे वेगवेगळे कप्पे (साध्या मशीनला चार, चांगल्याला सहा-आठ) आणि नळ्यांनी जोडलेला एक छोटा पंप. आधी तळपायाचा कप्पा फुगतो, मग घोट्याचा, मग पोटरीचा, मग गुडघ्याभोवतीचा, शेवटी मांडीचा. सगळे फुगले की थोडा वेळ दाब टिकतो, मग हवा सुटते आणि पुन्हा खालून सुरुवात. टूथपेस्टची ट्यूब तळापासून वर दाबत आणावी, तसं.

पायातलं अशुद्ध रक्त वर चढवण्याचं काम एरवी पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात, रक्त वर जातं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. नुसतं उभं राहिलं की हा पंप बंद असतो. रक्ताच्या उंच स्तंभाचं सगळं वजन घोट्याजवळच्या शिरांवर येतं आणि तिथला दाब ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातो. चालायला लागलं की तोच दाब झपाट्याने उतरतो. हवेचे बूट पोटरीचं हे काम बाहेरून करतात. ज्याला चालता येतं त्याच्याकडे पंप आधीपासूनच आहे, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते.

दवाखान्यात ही पद्धत बरीच जुनी आहे. ऑपरेशननंतर किंवा पक्षाघातात पडून असलेल्या रुग्णांच्या पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून अशाच पट्ट्या लावतात. धावपटूंमध्ये ती लोकप्रिय केली प्रामुख्याने नॉर्माटेक या अमेरिकन कंपनीने. ती १९९८ मध्ये लॉरा जेकब्स या डॉक्टर आणि बायोइंजिनिअर बाईंनी सुरू केली होती, रुग्णांसाठी. पुढे खेळाडूंनी ही पद्धत उचलली आणि २०२० मध्ये हायपराइस या दुसऱ्या कंपनीने नॉर्माटेक विकत घेतली.

अपेक्षा किती ठेवायची

जाहिरातीत म्हणतात, "लॅक्टिक ॲसिड बाहेर काढतं." ते कामच उरलेलं नसतं. धावणं थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट (ज्याला जाहिरातीत लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते) आपोआप नेहमीच्या पातळीला येतं, आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्यामुळे नसतंच. स्नायूंचे तंतू दुरुस्त व्हायला जो वेळ लागायचा तो लागतोच. बूट लावल्यावर पाय हलके वाटतात, ठणका काही काळ कमी होतो, सूज थोडी उतरते. पण दुसऱ्या दिवशी त्यामुळे जास्त वेगाने धावता येतं, असं अभ्यासांमधून ठामपणे दिसलेलं नाही. माझ्या मते हलकं वाटणं हीसुद्धा छोटी गोष्ट नाही. मोठ्या शर्यतीनंतर अर्धा तास पाय वर करून शांत पडणं बऱ्याच लोकांना एरवी जमतच नाही.

"गाठी होऊ नयेत म्हणून लावतो," असंही काही जण म्हणतात. त्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. २०१३ मध्ये ब्रिटनमधला क्लॉट्स-३ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळलेल्या २,८७६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या पायांना मांडीपर्यंतच्या हवेच्या पट्ट्या लावल्या होत्या. पट्ट्या नसलेल्या गटात १२.१ टक्के रुग्णांच्या पायात वरच्या बाजूच्या खोल शिरांत गाठ सापडली, पट्ट्या लावलेल्या गटात ८.५ टक्के. फायदा खरा आहे, पण तो हालचाल न करू शकणाऱ्या माणसांचा, आणि पट्ट्या दिवसरात्र, कित्येक दिवस लावलेल्या होत्या. २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात, आयसीयूत रक्त पातळ करणारं औषध आधीच चालू असलेल्या रुग्णांना या पट्ट्यांनी वेगळा फायदा दिला नाही. तेव्हा चालत्याफिरत्या माणसाने जिममध्ये अर्धा तास बूट लावणं आणि हे अभ्यास, यांची सांगड घालता येत नाही.

पाय बुटात घालण्याआधी

ही पायरी गाळू नका. बाकी काही चुकलं तर फार तर पैसे आणि वेळ जाईल, पण इथे चुकलं तर जिवावर बेतू शकतं.

दोन्ही पाय उघडे करून उजेडात शेजारी शेजारी ठेवा आणि बघा. एकच पाय सुजलाय का? पोटरी गरम, लालसर, दाबल्यावर दुखतेय का? शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर डॉक्टर तो गाठीच्या शंकेत धरतात. अशा वेळी बूट अजिबात नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतलं रक्त नीट वाहतंय का ते दाखवणारी तपासणी. आत गाठ असताना पाय दाबत गेलात तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आईवडिलांनी हे विशेष लक्षात ठेवावं. पंधरा-वीस तासांच्या प्रवासानंतर एक पाय दुखतोय, म्हणून घरातलं मशीन लावून बघणं हा सर्वांत वाईट विचार. घेरात फरक नसला तरी लक्षणं असतील तर दाखवायचंच.

दुसरं, रक्त पोचतंय का ते बघा. थोडं चाललं की पोटरीत पेटका येतो आणि थांबलं की जातो, पाऊल कायम गार असतं, बोटांवरचे केस गेलेत, जखम भरत नाही: ही धमन्या अरुंद झाल्याची लक्षणं. तंबाखू, सिगारेट आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हे खूप दिसतं. "रक्ताभिसरण सुधारतं" हे वाचून नेमके हेच लोक बूट घ्यायला येतात, आणि यांनाच नेहमीचा दाब घातक ठरू शकतो. मुळात रक्त कमी पोचतंय, त्यात बाहेरून आवळायचं. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं प्रमाण काढायची साधी तपासणी असते. ते ०.९ च्या खाली असेल तर धमन्यांचा आजार आहे असं समजतात. मग निर्णय डॉक्टरांचा.

तिसरं, दोन्ही पायांची सूज. संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, बोटाने दाबलं की खड्डा पडतो. त्यामागे हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, काहीही असू शकतं. आडवं पडल्यावर दम लागत असेल तर बूट लावूच नका. पायातलं पाणी एकदम वर ढकललं की आधीच थकलेल्या हृदयावर भार येतो. आणखी एक कारण घरोघरी असतं आणि पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. रक्तदाबासाठी दिली जाणारी ॲम्लोडिपिनची गोळी बऱ्याच जणांचे घोटे सुजवते. मावशी महिनाभर मशीन लावत बसतात आणि कारण गोळीच्या पाकिटात असतं. गोळी मनाने बंद करायची नाही, पण डॉक्टरांना विचारायचं नक्की.

मधुमेहींनी संवेदना तपासून घ्यावी. डोळे मिटून बसा आणि घरातल्या कुणाला तरी कापसाच्या बोळ्याने बोटांना, टाचेला, तळव्याला हलकं शिवायला सांगा. कुठे शिवलं ते कळत नसेल तर बुटात काही टोचलं, जास्त आवळलं तरी कळणार नाही.

उघडी जखम, पिकलेलं गळू, लाल पसरत जाणारा संसर्ग, नुकतं मोडलेलं हाड, फुगलेल्या शिरेत दुखरी कडक दोरी लागणं: यातलं काहीही असेल तर थांबा. गरोदर असाल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारून मगच. धावपटूंसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगते. नडगीवर बोट ठेवून एकाच जागी जीव जाईल असं दुखत असेल तर हाडाला चीर असू शकते, ती बुटाने बरी होणार नाही. आणि शर्यतीनंतर लघवी गडद तपकिरी, काळ्या चहासारखी होत असेल, स्नायू टणक सुजले असतील, तर सरळ हॉस्पिटल गाठा.

हत्तीपाय किंवा कर्करोगाच्या उपचारानंतर आलेली लसीकेची सूज (लिम्फ नावाचा द्रव साचून येणारी) हा वेगळाच विषय. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर भागात हत्तीपायाचे रुग्ण आजही आहेत. त्यांच्यासाठी रोज पाय धुणं, कोरडा ठेवणं, वर ठेवणं, व्यायाम आणि योग्य पट्टी हेच मुख्य आहे. मशीन लागलंच तर कमी दाबावर आणि जाणकाराच्या देखरेखीखाली. नुसत्या मशीनने पायातलं पाणी जांघेत जाऊन बसू शकतं.

पहिलं सेशन कुठे घ्यायचं

विकत घेऊ नका, आधी कुठेतरी लावून बघा. फिजिओथेरपी क्लिनिक असेल तर उत्तम. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे असते, तो नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. जिममध्ये किंवा शर्यतीच्या रिकव्हरी तंबूत लावत असाल तर लावणारा तुम्हाला वरचे प्रश्न विचारतोय का ते बघा. काही न विचारता थेट झिप लावत असेल तर उठून या.

बूट अनेकांच्या पायात जाऊन आलेले असतात, तेव्हा आतून पुसलेत का ते विचारा आणि स्वतःचे पातळ सुती मोजे न्या. चिखल्या, नायटा असेल तर बरा होईपर्यंत दुसऱ्यांच्या बुटात पाय घालू नका.

प्रत्यक्ष लावताना

धावून आल्याबरोबर लगेच नको. आधी दहा मिनिटं सावकाश चाला, पाणी प्या, काहीतरी खा, अंघोळ करा. मग लघवीला जाऊन या. पायातलं पाणी वर सरकतं तेव्हा मध्येच उठावं लागतं, आणि बूट घालून उठणं म्हणजे हमखास पडणं.

कपडे सैल आणि पातळ. साडी असेल तर सोबत सैल सलवार किंवा पायजमा आणा, म्हणजे निऱ्यांचा बोळा मांडीखाली येत नाही. खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, नाणी बाहेर. पैंजण काढायचे. जोडवी काढायला बऱ्याच जणींचं मन होत नाही. बूट पुढून उघडा असेल आणि बोटं बाहेर राहत असतील तर राहू द्या. बंद बूट असेल तर मात्र काढा, नाहीतर शेजारच्या बोटात रुततात. मोज्याची शिवण आणि सुरकुती हाताने सपाट करा. हे क्षुल्लक वाटतं, पण वीस मिनिटांनी बूट काढल्यावर नडगीवर मोज्याच्या घडीचा लाल, खोल वळ मी नेहमी बघते. नाजूक त्वचेच्या म्हाताऱ्या माणसाला तेवढ्यानेही फोड येतो.

बुटाची लांबी जांघेच्या थोडी खाली संपायला हवी. वर घुसत असेल तर मापच चुकलंय. टाच तळाला नीट टेकवा, झिप खालून वर लावा, आणि हवा भरण्याआधी मांडीजवळ दोन बोटं आत जातायत ना बघा. पाठीला उशी, गुडघ्याखाली छोटा टॉवेल, पाय कमरेच्या पातळीला किंवा थोडे वर. खुर्चीत पाय खाली सोडून बसू नका.

दाब हा खरा कळीचा मुद्दा. मशीनवर तो मिलिमीटर पाऱ्यात लिहिलेला असतो, म्हणजे रक्तदाब मोजतो त्याच एककात. पहिल्या दिवशी ३० ते ४० वर ठेवा, वेळ २० मिनिटं. सवय झाली की निरोगी धावपटू ६०-७० पर्यंत जाऊ शकतो, वेळ अर्धा तास. १०० च्या पुढे जायची मला कधीच गरज वाटलेली नाही. जास्त दाबला म्हणजे जास्त फायदा, ही समजूत मालिशवाल्याच्या टेबलावरून इथे आलेली आहे. शिरा दाबल्या जायला फार जोर लागत नाही. काही मशीनवर आकड्याऐवजी नुसते 'लेव्हल १ ते ७' असतात. मग माहितीपुस्तिकेत कोणत्या लेव्हलला किती दाब ते शोधा, आणि ते कुठेच लिहिलेलं नसेल तर ते मशीन वापरू नका.

पहिल्या फेरीत घोट्याभोवती गच्च वाटेल, थोडं घाबरायलाही होईल. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला कळतं की दर वेळी हवा सुटतेच. गच्चपणा, ऊब, सुटल्यावर पाय मोकळे वाटणं, हे सगळं ठीक. मुंग्या, बधिरपणा, पाऊल गार पडणं, एकाच जागी टोचणारं दुखणं, छातीत धडधड किंवा दम: लगेच बंद. म्हणूनच पहिल्या दिवशी झोपू नका आणि बंद करायचं बटण हाताशी ठेवा. मध्येच लाइट गेली आणि हवा आतच अडकली तर घाबरू नका. नळीचा जोड ओढून काढा, हवा निघून जाईल. हे आधीच एकदा करून बघावं.

झालं की बूट काढून त्वचा बघा. अंगठ्याचं नख दाबून सोडा, पांढरा झालेला रंग दोनेक सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. वळ थोड्या वेळात जायला हवेत. काठावर मिनिटभर बसा, मग उठा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर भोवळ येते. त्यानंतर पाच मिनिटं घरातल्या घरात चाला.

फरक पडतोय का, ते कसं ओळखायचं

बऱ्याच मशीनला एका पायाची नळी बंद ठेवायची सोय असते. लांब पळाल्यानंतर एकाच पायाला बूट लावा, दुसरा नुसता उशीवर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कोणता पाय जास्त दुखतो ते बघा. पुढच्या वेळी पाय बदला. यात मनाचे खेळ असतातच, पण दुकानदाराच्या सांगण्यापेक्षा हे बरं. सुजेसाठी लावत असाल तर रोज एकाच वेळी, एकाच जागी टेपने घेर मोजून वहीत लिहा. दोन आठवड्यांत आकडा हलला नाही तर सूज कुठून येतेय ते पुन्हा शोधावं लागेल.

उभ्याने काम करणाऱ्यांना मी आधी दुसरंच सांगते. दर अर्ध्या तासाने वीस वेळा टाचा उचला, मधल्या सुट्टीत वर्गात बसून न राहता व्हरांड्यात चक्कर मारा, व्हेरिकोज (फुगलेल्या, वाकड्यातिकड्या) शिरा असतील तर डॉक्टरांनी सांगितलेले दाबाचे मोजे सकाळी उठल्या उठल्या घाला. एवढं करूनही संध्याकाळी पाय जड राहत असतील तर बूट जरूर लावा.

विकत घ्यायचंच ठरलं तर

मापं दोन घ्यायची: जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी आणि मांडीचा सर्वांत जाड घेर. कप्पे एकमेकांवर थोडे चढलेले असावेत, नाहीतर दोन कप्प्यांमध्ये चिमटा बसल्यासारखं होतं. दाब पाच-दहाच्या टप्प्याने कमी-जास्त करता यावा. बूट फाटला तर नुसता बूट वेगळा मिळतो का, ते पैसे देण्याआधी विचारा. पंपापेक्षा बूट आणि नळीचे जोड आधी जातात.

परदेशातून मागवत असाल तर ॲडॅप्टरवर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. '१०० ते २४०' असेल तर नुसती पिन बदलून चालेल. फक्त '११०' किंवा '१२०' असेल आणि आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावलं, तर मशीन पहिल्याच दिवशी जळेल. अशा वेळी योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

वापर झाला की बूट उलटा करून ओल्या फडक्याने पुसा, पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि मगच गुंडाळा. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, कप्प्यांचे सांधे सुटतात. सातारा-महाबळेश्वर पट्ट्यात किंवा कोकणात जून ते सप्टेंबर बूट पिशवीत बंद करून ठेवले तर आतून बुरशी धरते, म्हणून त्या दिवसांत ते दोरीवर उघडे टांगून ठेवा.